जुनी होडी घेताना आणि दुरुस्त करताना



शेतीच्या पत्रकात होडी कशाला, असं काही जण विचारतील. पण आपल्या किनारपट्टीत एकाच घरात भातशेती, चार माड आणि एक होडी हा संसार नवा नाही. पावसाळ्यात लावणी करायची आणि दर्या शांत झाला की जाळं घेऊन बाहेर पडायचं, अशी पुष्कळांची रीत आहे. राज्य मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा बैल पारखून घेण्याविषयी जशी माहिती देतात, तशीच ही होडी पारखण्याविषयी समजावी.

नवी लाकडी होडी बांधणे आता फार महाग पडते. चांगलं लाकूड मिळत नाही, होडी बांधणारे जाणते सुतारही कमी झाले. बऱ्याच बंदरांत फायबरच्या होड्या आल्यामुळे जुन्या लाकडी होड्या किनाऱ्यावर पडून राहतात आणि स्वस्तात विकल्या जातात. अशी होडी घेऊन, नीट दुरुस्त करून आणखी दहा-पंधरा वर्षे वापरणारे लोक आहेत. आणि रंगाला भुलून पैसे मोजून, पहिल्याच हंगामात ती सोडून द्यावी लागलेलेही आहेत. फरक पडतो तो घेण्याआधीच्या तपासणीत. शेतात बैल बसला तर आपण चालत घरी येतो. दर्यात होडीची फळी सुटली तर तसं करता येत नाही.

एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. पाण्याच्या रेषेखाली एक फुटावर एक इंच रुंदीचं भोक पडलं, तर मिनिटाला चाळीस लिटरच्या आसपास पाणी आत येतं. म्हणजे घासलेटाचे दोन डबे भरून वर. दहा मिनिटांत चारशे लिटर, म्हणजे चार क्विंटल वजन होडीत चढलं. एका माणसाने डब्याने उपसून हे पाणी फार वेळ आवरत नाही. आणि होडी जसजशी खाली बसते तसतसं भोक आणखी खोल जातं व पाण्याचा जोर वाढतो.

आधी कागद, मग लाकूड

होडी पाहायला जाण्याआधी तिचे कागद मागावेत. नोंदणीचा दाखला कोणाच्या नावावर आहे, होडीवर रंगवलेला क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच आहे का, मासेमारीचा परवाना चालू आहे का, तिच्यावर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आहे का, हे विचारावं. कर्ज असलेली होडी घेतली तर होडीबरोबर वसुलीही घरी येते. बँकेचा बोजा उतरल्याचा लेखी दाखला हातात पडल्याशिवाय सगळी रक्कम देऊ नये.

२००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर मासेमारीची नौका बळकावून आले होते, हे सर्वांना माहीत आहे. तेव्हापासून समुद्रातली तपासणी कडक झाली आहे. क्रमांक नसलेली किंवा दुसऱ्याच्या नावावरची होडी अडवली गेली तर मासळी, दिवस आणि मान, तिन्ही जातात. नाव बदलून घेण्याचं काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे होतं. मासेमारी आणि मत्स्यशेती करणाऱ्यांना २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्डाची सोय लागू झाली आहे. दुरुस्तीसाठी सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी.

होडी पारखायची कशी

होडी नेहमी उघड्यावर ओढलेली, रिकामी आणि कोरडी असताना पाहावी. पाण्यात तरंगणारी होडी पाहून सौदा करू नये. तसंच नुकताच रंग दिलेली होडी दिसली तर जरा सावध व्हावं. नवा रंग नेहमीच फसवणुकीसाठी असतो असं नाही, पण रंगाखाली काय आहे ते पाहण्याचा आपला हक्क आहे. मालक "खरवडू नका" म्हणाला तर नमस्कार करून परत यावं.

बरोबर तीन गोष्टी न्याव्यात: एक बोथट दाभण किंवा टोचा, एक लहान हातोडी आणि लांब सुतळी. जमलं तर होडीचं काम केलेला सुतारही न्यावा. त्याची एका दिवसाची मजुरी ही सगळ्यांत फायद्याची रक्कम समजा.

पहिल्यांदा सुतळी. होडीचा मधला कणा, ज्याला पुष्कळ बंदरांत पठाण म्हणतात, तो सरळ आहे का पाहायचं. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत कण्याच्या बाजूने सुतळी ताणून धरावी. कणा बांधताना ज्या रेषेत होता त्याच रेषेत असावा. मधोमध वर उचलला गेला असेल आणि दोन्ही टोकं खाली झुकली असतील, तर होडीची पाठ मोडली असं समजावं. वर्षानुवर्षं एकाच ठेंगणावर होडी ठेवली, की असं होतं. थोडा वाक असेल तर हळूहळू टेकू देऊन काही अंशी सरळ होतो. कणा कुजला किंवा चिरला असेल, तर होडी सोडून द्यावी. कणा बदलणं म्हणजे नवी होडी बांधण्यासारखंच आहे.

दुसरं हातोडी. फळीवर हलकेच टकटक करीत जावं. निरोगी लाकूड टणटणीत बोलतं. कुजलेलं लाकूड भद्द आवाज करतं, जसं पिकून सडलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी. असा आवाज आला तिथे टोचा दाबावा. चांगल्या लाकडात तो जेमतेम टोकाइतका शिरतो. अर्धा इंच सहज शिरला तर तो भाग गेला.

कुठे टोचायचं? नवशिके लोक बाहेरच्या बाजूने, पाण्याखालच्या भागावरच सगळं लक्ष देतात. खरी कुज बहुतेक वेळा वरच्या भागात आणि आतल्या बाजूने असते. याचं कारण समजून घ्या. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते आणि पाणी गोडं लागतं. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. म्हणून सतत खाऱ्या पाण्यात भिजणारी फळी पुष्कळदा टिकते. उलट जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे, म्हणजे काठाच्या पट्टीखाली, फासळ्यांच्या डोक्यांपाशी, नाळेच्या आतल्या कोपऱ्यात, बाकाच्या टोकांखाली होडी आतून पोकळ होते. जुने नाखवे पावसाळ्यात होडीच्या तळाशी आणि सांध्यांत मीठ टाकून ठेवत, त्यामागे हेच कारण होतं.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे कण्याला लागून असलेली पहिली फळी. तिथे आतून कचरा, मासळीची घाण आणि पाणी साचतं, बाहेरून ती वाळूवर घासते आणि होडीतलं सगळं वजन तिच्या खिळ्यांवर येतं. ही फळी दोन्ही बाजूंनी, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, वीतभर अंतराने टोचून पाहावी. आतली तळफळी काढून दाखवायला मालकाला सांगावं. दर्यात पुष्कळदा सुटते ती हीच फळी.

तिसरं खिळे. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल आणि बोटाने भुगा निघत असेल, तर गंजाने लाकडाची पकड गेली. एक-दोन खिळे मालकाच्या परवानगीने उपटून पाहावेत. मधोमध काडीसारखे बारीक झालेले खिळे निघाले, तर बाकीच्यांचीही तीच गत धरावी. अशा होडीचं लाकूड चांगलं असेल तर ती नव्याने ठोकून घेता येते, पण तो खर्च किमतीतून कमी करून मागावा.

लाकूड पोखरणारा समुद्री किडा

याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा शत्रू दिसत नाही. लोक त्याला किडा म्हणतात. खरं पाहिलं तर तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. अगदी पिल्लू असताना तो फळीला चिकटतो आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून आत जातो. आत गेल्यावर तो वाढतो आणि लाकडाच्या रेषेने बोटभर जाडीची बोगदी खणत जातो. बाहेरचं भोक मात्र टाचणीएवढंच राहतं. म्हणून वरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी असू शकते. बोगद्याला आतून पांढरा चुन्यासारखा लेप असतो. टोचा मारल्यावर पांढरी पापडी निघाली, तर ओळख पटली.

हा प्राणी खाऱ्या पाण्यावर जगतो. होडी वर ओढून काही आठवडे कडक सुकवली की तो मरतो. गोड्या पाण्यातही तो टिकत नाही, म्हणून पूर्वी काही लोक पावसाळ्यात होडी खाडीच्या वरच्या गोड्या भागात नेऊन ठेवीत. काही बंदरांत तळाखाली माडाच्या झावळ्या पेटवून होडी शेकतात. त्याने शेवाळ आणि वरवरचे प्राणी जळतात, पण खोल शिरलेला किडा वाचू शकतो आणि डामर लावलेली फळी पेट घेऊ शकते. आमच्या मते चांगलं सुकवणंच बरं.

किडा मेला तरी बोगदे भरून येत नाहीत. चार-दोन भोकं असतील तर लाकडी खुंट्या ठोकून काम भागतं. टोचा जागोजाग आत जात असेल तर फळी बदलावी.

आता सौदा करावा की नाही, हे ठरवायचं कसं? आमचा ढोबळ आडाखा असा: कणा आणि नाळ धड असेल, आणि फासळ्या व फळ्या मिळून तिसऱ्या हिश्शाहून कमी खराब असतील, तर होडी दुरुस्त करण्यात अर्थ आहे. त्याहून जास्त असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुरुस्तीचा हंगाम

यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी १ जूनपासून लागते. तेव्हा होड्या वर येतात आणि सगळे जण एकदमच सुतार शोधू लागतात. शिवाय पावसात सांधे सुकत नाहीत आणि ओल्या लाकडाला रंग धरत नाही. ज्यांना जमेल त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये होडी घेऊन वर ओढावी. सुतारकाम आणि तेलपाणी पेरणीच्या आधी उरकतं. पावसाळ्यात मग ती झापांच्या मांडवाखाली ठेवावी आणि लावणी झाल्यावर नारळी पौर्णिमेच्या सुमाराला शेवटचा हात फिरवावा.

होडी ओढताना भरतीचा विचार करावा. उधाणाच्या भरतीला होडी जास्त वर नेता येते, पण अगदी शेवटच्या रेषेपर्यंत नेली तर पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे पंधरवडाभर, ती पाण्यात घालता येत नाही. मुंबईच्या बाजूला जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दक्षिणेकडे भरती आधी येते, म्हणून आपल्या बंदराचा आडाखा तिथल्या जाणत्या माणसाला विचारावा. रोज भरती सुमारे दोन घटका उशिरा होते, एवढं सगळीकडे धरून चालावं.

होडी टेकवताना कण्याखाली किमान तीन-चार ठिकाणी सारख्या उंचीचे ओंडके ठेवावेत. बाजूचे टेकू फासळी असेल तिथेच लावावेत. नुसत्या फळीवर टेकू लावला तर फळी आत दबते.

लाकूडकाम

एकाच वेळी सगळ्या खराब फळ्या काढू नयेत. होडीचा आकार फळ्या आणि फासळ्या एकमेकींना धरून ठेवतात म्हणून टिकतो. एका बाजूची एक फळी काढावी, नवी बसवावी, मग दुसऱ्या बाजूला वळावं. काढलेली जुनी फळी जाळू नये. नवीचा आकार काढायला तीच साचा म्हणून उपयोगी पडते.

फळीला साग उत्तम. ऐन, उंडी, फणस हीही लाकडं आपल्याकडे वापरात आहेत. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात पण लवकर कुजतात. पैशाची अडचण असेल तर त्या वरच्या भागात घालाव्यात, पाण्याखाली नको. वाकांसाठी, म्हणजे फासळ्यांसाठी, बाभळीचं किंवा उंडीचं नैसर्गिक वाकलेलं लाकूड शोधावं. सरळ लाकूड कापून वाक काढला तर रेषा तुटते आणि फासळी तिथेच मोडते. झाडाच्या गाभ्याचं लाकूड घ्यावं. सालीलगतचा पांढरा भाग किडा आणि बुरशी दोघांनाही आवडतो, म्हणून तो तासून टाकावा. आपल्या बांधावरचा साग तोडायचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. खारफुटीला तर हातच लावू नये.

लाकूड वाळलेलं हवं. इंचाच्या जाडीला सावलीत सुमारे वर्षभर, असं सुतार सांगतात. ओली फळी बसवली तर ती सुकून आक्रसते, सांधे उघडतात आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

फळीचा फक्त कुजका तुकडा कापून तिथे ठिगळ मारण्याची सवय फार वाईट. नवा तुकडा निदान चार फासळ्यांवर जाईल इतका लांब असावा. दोन शेजारच्या फळ्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नयेत. त्यांच्यात किमान तीन फासळ्यांचं अंतर राखावं. भिंत बांधताना गवंडी जसे विटांचे सांधे चुकवतो, तसंच हे आहे. जोड दोन फासळ्यांच्या मधे येत असेल तर आतून जाड लाकडाचा ठोकळा देऊन त्यावर दोन्ही टोकं पक्की करावीत.

फासळी मोडली असेल पण काढता येत नसेल, तर तिच्या शेजारी नवी फासळी जोडून घ्यावी. नवी फासळी मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब जायला हवी.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. आधी गिरमिटाने खिळ्याहून थोडं बारीक भोक पाडावं, नाहीतर फळी चिरते. जुन्या भोकांत नवा खिळा ठोकू नये. जुनं भोक लाकडी खुंटीने बुजवून शेजारी नवं पाडावं. एकाच जागी तांबं आणि लोखंड एकत्र आणू नये. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू जवळ आले की लोखंड झपाट्याने गळतं. तळाला तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी खिळे अशी होडी दिसली तर खिळे आधी तपासावेत. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचीही तीच गोष्ट: त्याच्याखाली किंवा वर तांब्याचा अंश असलेला रंग लावला तर पत्रा खाल्ला जातो.

सांधे भरणे

पहिल्यांदा जुना काथ्या, कापूस आणि कडक झालेली राळ आकड्याने ओढून काढावी. पटाशीने कडा कापू नयेत; सांधा रुंद झाला की तो कायमचा त्रास. मग कापसाची सैलसर वात किंवा काथ्या बोथट पटाशीने आणि लाकडी मोगरीने सांध्यात बसवावा. ठोकताना आवाज ऐकावा. सैल असताना तो पोकळ येतो, बसला की घट्ट येतो. तिथे थांबावं.

जास्त ठोकलं की जास्त पक्कं, असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. सुकलेली फळी पाण्यात गेली की फुगते. सांधा आधीच दगडासारखा भरलेला असेल तर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. मग त्या खिळ्यांसकट फासळीपासून सुटतात, नाहीतर फासळीच मोडतात. किनाऱ्यावर एक थेंब न गळणारी होडी चार दिवसांनी दर्यात उलगडली, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

वातीवर राळ आणि तेलाचं मिश्रण किंवा अळशीचं तेल आणि खडूच्या पुडीची पुट्टी भरावी. पुट्टी सांध्याबाहेर फुगवून ठेवू नये, किंचित आतच ठेवावी.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: "जुन्या होडीवर वरून फायबरचा थर मारला तर हे सगळं वाचेल ना?" उत्तर असं, की लाकूड पूर्ण सुकलेलं आणि निरोगी असेल, काम जाणत्या माणसाने केलं असेल, तर थर टिकतो. पण ओलसर, कुजक्या फळीवर मारलेला थर म्हणजे जखमेवर बांधलेली पट्टी. आतली ओल बाहेर पडत नाही, थर सुटतो, आणि आत लाकडाचं भुसकट होतं तरी बाहेरून होडी नवी दिसते. विकायला आलेल्या होडीवर असा थर असेल तर ती दुप्पट काळजीने, आतून तपासावी.

तेल आणि रंग

तेलाची सोय आपल्या शेताच्या बांधावरच आहे. उंडीच्या बियांचं तेल घाण्यावर काढून होडीला लावण्याची चाल कोकणात जुनी आहे. काजूच्या टरफलांचं तेलही लाकडाला चांगलं. किडा आणि बुरशी दोघांनाही ते मानवत नाही. मात्र हे तेल अंगाला लागलं की कातडी भाजते. हातांना आधी खोबरेल चोळावं, रबरी हातमोजे घालावेत, डोळे सांभाळावेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. कोणतंही तेल कोरड्या, उन्हाने तापलेल्या लाकडावरच द्यावं. पहिला हात मुरल्यावर दुसरा. ओल्या फळीवर तेल दिलं तर ओल आत कोंडली जाते. जिथे रंग द्यायचा आहे तिथे मात्र तेल देण्याआधी रंग त्यावर धरतो का, हे लहानशा तुकड्यावर पाहून घ्यावं.

जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ पोटात गेलेली वाईट, विशेषतः लहान मुलांच्या. नाकातोंडाला फडकं बांधून, पाणी मारून ओलाच खरवडावा, आणि खरवड गोळा करून पुरावी. ती विहिरीजवळ किंवा कोंबड्यांच्या वाटेत टाकू नये. तळाला लावायच्या, शिंपल्या न धरणाऱ्या रंगाचा शेवटचा हात डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच होडी पाण्यात जाईल अशा बेताने द्यावा.

इंजिन

इंजिनाविषयी थोडक्यात, कारण तो कारागिराचा विषय आहे. बुडालेलं इंजिन असल्याचा संशय असेल तर तेल काढून पाहावं. दुधासारखं पांढरट तेल निघालं तर आत पाणी गेलं आहे. पंख्याचा दांडा होडीबाहेर जातो तिथली पॅकिंग बदलावी. दांडा फिरताना तिथून अधूनमधून थेंब पडला तर चालतो, धार लागता कामा नये. इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत का, हे किनाऱ्यावर पाहिलं तरी होडी पाण्यात दोन दिवस राहिल्यावर पुन्हा पाहावं. पाण्यात तिचा आकार थोडा बदलतो. जुन्यापेक्षा जड इंजिन बसवलं तर मागचा भाग किती खाली बसतो, ते मोजल्याशिवाय दर्यात जाऊ नये.

पाण्यात घालणे

पाण्यात घालण्याआधी चार-पाच दिवस होडीच्या आत ओली गोणपाटं अंथरून ती खाऱ्या पाण्याने भिजत ठेवावीत. फळ्या हळूहळू फुगू लागतात. नंतर किनाऱ्यावरच आत वीतभर पाणी भरून बाहेरून पाहावं. जिथून झिरपतं तिथे खडूने खूण करावी. वीतभराहून जास्त भरू नये. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो, आणि हे वजन आतून बाहेर दाबतं. टेकूवर उभी असलेली होडी त्यासाठी बांधलेली नसते.

भरतीला होडी सोडल्यावर पहिल्या दिवशी पाणी येणारच. घाबरू नये. तिला खाडीत, निवाऱ्याच्या जागी, उथळ पाण्यात नांगरावं आणि रात्री कुणीतरी जागं राहावं. किती डबे पाणी उपसलं ते लिहून ठेवावं. पहिल्या दिवशी चाळीस, दुसऱ्या दिवशी पंधरा, तिसऱ्या दिवशी चार, असा उतार दिसला तर फळ्या फुगून सांधे बसत आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही आकडा तेवढाच राहिला, किंवा चढला, तर ते फुगण्याचं काम नाही. होडी पुन्हा वर घ्यावी, कितीही कंटाळा आला तरी.

मग जाळं न घेता खाडीतच फेरी मारावी. वाळूची पोती भरून, ओलं जाळं आणि भरपूर मासळी यांच्याएवढं वजन टाकून पाहावं. काठ पाण्यापासून किती उंच राहतो तिथे बाहेरून रंगाची रेघ ओढावी. ही रेघ पाण्याखाली जाईल इतका भार कधी घेऊ नये. दोन माणसांना एका बाजूला बसवून होडी किती कलते आणि सोडल्यावर किती चटकन सरळ होते, हेही पाहावं. आळसावून, रेंगाळत सरळ होणारी होडी वरून जड आहे; वजन खाली हलवावं.

दर्यात जाताना माणशी एक तरंगतं जाकीट, दोन नांगर, जास्तीचं वल्हं, उपसायचे दोन डबे, लाकडी खुंट्या, जुनं फडकं आणि हातोडी, होकायंत्र, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली विजेरी व फोन, एवढं असावं. जाकीट बाकाखाली कोंबून ठेवू नये, अंगावर असावं. निघण्याआधी हवामानाचा अंदाज ऐकावा आणि कुठे जातो, कधी येणार, हे घरी सांगून जावं. तटरक्षक दलाचा समुद्रातील संकटासाठीचा क्रमांक १५५४ आहे. तो काठाच्या आतल्या बाजूला रंगाने मोठा लिहून घ्यावा, म्हणजे बरोबरच्या नवख्या खलाशालाही दिसेल.

हंगाम संपल्यावर होडी वर आली की तळाची बुचं काढून ठेवावीत, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. झाप घालावे, पण बाजूंनी वारा खेळता ठेवावा. प्लॅस्टिकचा कागद गच्च आवळून बांधला तर आत वाफ धरते आणि चार महिन्यांत काठाच्या फळ्यांवर बुरशी दिसू लागते. पाऊस उघडीप देईल तेव्हा एक दिवस झाप काढून उन्ह दाखवावं आणि त्याच दिवशी हातोडी घेऊन कण्यालगतच्या फळीवर पुन्हा एकदा टकटक करून घ्यावी.